चहा करायचा न्हाई

"आज ह्या घरात चहा करायचा न्हाई," गोरक्षतात्या सैपाकघराच्या दारात उभा राहून म्हनला. "सरबत करा, ताक करा, दूध द्या. चहा न्हाई."

रतनबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मंग जावेकडं. ज्योती पुरन वाटत हुती. तिनं मान वर केली न्हाई.

"आन कुनी मागितला तर?" रतनबाई म्हनाली.

"आण्णाचं वर्षश्राद्ध हाय, टपरी न्हाई."

तो ओसरी उतरून मांडवात गेला तशी रतनबाई पदर तोंडाला लावून हसली. "सकाळी दोन कप पोटात गेल्याबिगर ह्यांचा डोळा उघडत न्हाई. आन आज सरबत पिनार म्हनं!"

"हसू नका जाऊबाई," ज्योती म्हनाली. "आज कायतरी वाजनार बघा."

चहावर बंदी का, ते वस्तीवर शेंबड्या पोराला ठाऊक हुतं. ज्योतीची पोरगी रेश्मा गानी करायची. लग्नातली न्हाई, मोबाईलातली. वय एकोनीस. कॉलेज सोडून दोन वर्सं ती रोज स्कूटीवर नगरला, सावेडीला जायची, अनिमेष नावाच्या पोराच्या फ्लॅटवर. त्यानं बेडरूमच्या भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केल्ता. तिथं तिनं चार गानी केली आन ती मुंबईच्या एका कंपनीला आवडली. उद्या, शुक्रवारी सकाळी, चारी गान्यांचं छोटं रेकॉर्ड निघनार हुतं. नाव 'फुफाटा'. अनिमेष त्याला ईपी म्हनायचा, ज्योती कॅसेट म्हनायची.

तीन गानी रेश्माची एकटीची हुती. चौथं 'बापा'. त्यात मधी गोजरआत्याचं रडनं हुतं.

रेश्माचे आजोबा, आण्णा, गेले तवा गोजरबाई, तात्याची आन रेश्माच्या बापाची थोरली बहीन, बेलापूरहून आली ती फाटकापासनंच हेल काढून रडत आली. जुन्या बायका रडतात तशी, बोलत बोलत, सुरात. रेश्मानं ते मोबाईलात टिपलं. कशाला टिपलं ते तिला बी तवा सांगता आलं नसतं. आत्या म्हनत हुती,

*अरं माज्या बापाऽ, बाकड्यावर बसून बघितलंस रं,*
*लेकीची सही घेतली, चहा बी न्हाई पाजला रंऽ*

चार वर्सांपूर्वी आत्याला नगरला रजिस्टर ऑफिसात नेऊन हक्कसोड करून घेतला हुता. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिनीनं भावांना सोडायचा. गावात सगळ्याच बहिनी सोडतात. कुनी काय म्हनत न्हाई. आत्या बी काय म्हनली न्हाई. म्हनली ती एकदाच, मढ्याजवळ. आन ते रेश्मानं चार लाख लोकांना ऐकवलं.

म्हंजे तीन आठवड्यांपूर्वी तिनं तेवढाच तुकडा इन्स्टावर टाकला. मंग पोरं रील करायला लागली. कप पुढं करायचा, समोरच्यानं हात घातला की झटकन मागं घ्यायचा, आन मागं आत्याचा आवाज. लोक हसून हसून लोळत हुते.

तात्यानं वकिलाकडनं कंपनीला पत्र धाडलं. कंपनीनं रेश्माला कळवलं, जिचा आवाज हाय तिची सही आज पाचच्या आत पायजे. न्हाई आली तर चौथं गानं काढून टाकनार. आन कंपनीला खरं तर चौथंच पायजे हुतं. बाकीची तीन त्याच्या संगट आली हुती.

रेश्मा मागच्या दारानं आत आली. हातात कागदाची सुरळी.

"आत्या किती वाजता पोचंल?"

"तात्यानं बोलेरो धाडलीया," ज्योती म्हनाली. "बारापर्यंत."

"तात्यानं धाडली? म्हंजे गाडीतच सही घेऊन मोकळा हुईल त्यो."

"तू तरी वेगळं काय करनारंस?" ज्योती पटकन बोलून गेली. पुरनाचा हात तसाच थांबला.

रेश्माचे कान लाल झाले. "आई, मी गानं केलंय. मी काय कुनाची जमीन न्हाई घेतली."

"विचारलं हुतंस का तिला?"

रेश्मानं फडताळाचं दार उगाच उघडलं आन धाडकन लावलं. वरची चहापत्तीची बरनी हलली.

॰

मांडवात प्रवचन चालू हुतं. गोरक्षतात्या पहिल्या रांगेत बसला हुता, टोपी सरळ करत. महाराज मायबापाच्या ऋनावर बोलत हुते आन तात्याला वाटत हुतं की मागची पन्नास मान्सं आपल्याच मानेकडं बघतायत.

पुढल्या महिन्यात दूध संस्थेची निवडनूक. दोन वेळचा चेअरमन तो. अजून कुनी त्याच्यावर मापात पाप केल्याचं बोट दाखवलं न्हवतं. आन आता संस्थेच्या ग्रुपवर सकाळी सकाळी कुनीतरी नुसतं कपाचं चित्र टाकायचं. नुसता कप. खाली तीस जन हसायचे. शिवी दिली असती तर तात्या भांडला असता. कपाशी कसं भांडायचं?

प्रवचन संपलं तसा कल्याण जवळ आला. त्याच्या विरुद्ध उभा राहनारा. हात जोडून, चेहरा लांब करून म्हनला, "तात्या, आण्णांसारखा मानूस न्हाई. बरं, काय घेता का? सरबत चालंल आपल्याला. चहाचं म्हनत न्हाई मी."

तात्याच्या दाढेत कळ गेली. "पंगतीला बसा," एवढंच म्हनला.

खरं सांगायचं तर तो दिवस त्याला लख्ख आठवत हुता. रजिस्टर ऑफिसात तीन तास गेले. आण्णा बाकड्यावर. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. बाहेर आल्यावर गेटाजवळच चहावाला हुता. गोजरआक्का म्हनली हुती, "घोटभर चहा घेऊ का रं गोरख्या?" आन तो म्हनला हुता, "आक्का, तुझी एसटी निघंल." एसटीला अर्धा तास हुता. का म्हनला तसं? त्याला तिच्यासमोर बसायचं न्हवतं, एवढंच. चहा घेतला असता तर ती कायतरी बोलली असती. ती न बोलता गेली पायजे, असं त्याला वाटलं. आता सगळा महाराष्ट्र बोलतोय.

खिशात त्याचा कागद हुता. वकिलानं टाईप केलेला, पोलिसात द्यायचा अर्ज. 'माझ्या परवानगीशिवाय माझा आवाज वापरून माझी व माझ्या बंधूंची बदनामी केली.' खाली टिंबं. आक्काची सही झाली की मिटलं.

॰

गोजरबाई बोलेरोतून उतरली तवा फाटकाजवळच्या बायका गप झाल्या.

त्यांना ठाऊक हुतं आता काय होतं ते. माहेरी आलेली लेक, बापाचं वर्सं, ती फाटकातनं हेल काढती. मंग घरातल्या बायका पुढं पळतात, तिच्या गळ्यात पडतात, तिच्या सुरात सूर घालतात. असंच चालत आलंय. ज्योती हात पुसत ओसरीवर आली. रतनबाई तिच्या मागं. दोघींनी पदर खोचले, गळे तयार ठेवले.

गोजरबाईच्या गळ्यापर्यंत आलं हुतं. राहुरीपासनंच आलं हुतं. आण्णाची काठी ओसरीच्या खांबाला अजून टेकलेली, ती बघितली आन तोंड उघडलं. आन तेवढ्यात तिला फाटकाजवळ दोन पोरी दिसल्या. पाव्हन्यांच्यातल्या, बारा-तेरा वर्सांच्या. दोघींच्या हातात मोबाईल, उभे धरलेले.

तिनं तोंड मिटलं.

बेलापुरात तिच्या गल्लीच्या तोंडाला टपरी हुती. तिथनं रोज ती गिरनीत जायची. तीन आठवडे झाले, तिथं पोरं मोबाईलवर सारखं तेच लावायची. एक जन कप उचलून म्हनला हुता, "मावशी, या, आमी पाजतो." वाईट पोरगं न्हवतं. तिच्याच हातनं त्यानं भाकरी खाल्लेली. त्याला ठाऊकच न्हवतं तो आवाज हिचा हाय म्हनून. घरी येऊन तिनं दळन ठेवलं आन भावाच्या पोरीचं गानं पहिल्यांदा नीट ऐकलं. तेवढाच तुकडा. परत परत तेवढाच.

आता ती पायरीवर आली, पायावर पानी घेतलं, आण्णाच्या फोटोपुढं टेकली आन भिंतीला बसली. डोळे कोरडे.

"वन्सं, पानी," ज्योती तांब्या घेऊन आली.

"ठेव."

"सरबत आनू?"

"नको."

ज्योती तिथंच घुटमळली. वीस वर्सं झाली, वन्सं दारात आली की आधी चहा, मंग बाकीचं. आज जिभेवर आलेला शब्द तिनं गिळला. आन वन्संनं ते बघितलं.

पंगत झाली. पाव्हने पांगले. तीन वाजले. तोवर गोजरबाईला पानी विचारलं, ताक विचारलं, विडा विचारला, गादी टाकू का विचारलं. आख्ख्या घरानं चहा तेवढा विचारला न्हाई.

॰

साडेतीनला आतल्या खोलीत घरची मान्सं उरली. तात्या खुर्चीवर. रेश्माचा बाप ज्ञानेश्वर दाराच्या चौकटीला टेकून, नेहमीसारखा. त्याला विचारलं तर तो थोरल्या भावाकडं बघायचा, न्हाई विचारलं तर जमिनीकडं. रतनबाई, ज्योती उंबऱ्यावर. रेश्मा आत्यासमोर खाली मांडी घालून.

मोबाईल मांडीवर थरथरला. अनिमेष. तिनं उचलला न्हाई.

"आक्का," तात्यानं घसा साफ केला. "हे बघ, तुला लई त्रास झालाय. पोरीनं चूक केली. ह्या कागदावर सही कर, मंग त्यांचं तेच बघून घेतील."

"माझा बी कागद हाय," रेश्मा म्हनाली. "आत्या, आधी माझं ऐक."

"तू गप! थोरल्यांच्या मधी..."

"का गप? मंग तुमी का वकील लावला? मला सांगायचं हुतं की तोंडावर."

"तोंडावर काय सांगायचं, तू जगाच्या तोंडात घातलं आमाला!"

"मी एक शब्द बनवून न्हाई घातला. आत्या म्हनली ते घातलं. खोटं हाय का? पाजला हुता का चहा?"

तात्या खुर्चीतनं अर्धा उठला. ज्ञानेश्वर चौकटीतनं हलला न्हाई, पन बोलला. "दादा, बसा."

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत हुता.

"दोन्ही कागद वाचा," गोजरबाई म्हनाली.

"काय वाचायचंय त्यात, साधा अर्ज हाय..."

"वाच म्हनलं ना गोरख्या."

तात्यानं चष्मा लावून वाचला. मधी मधी अडखळला. 'माझ्या मनास तीव्र वेदना झाल्या असून सदर अर्ज मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने देत आहे.'

"आता तुझा."

रेश्मानं सुरळी उलगडली. "इंग्रजीत हाय."

"मराठीत सांग."

"म्हंजे... माझा आवाज ह्यांनी वापरायला माझी हरकत न्हाई. जगात कुठं बी. कायमचा." ती थांबली. "पुढं बी कधी मी त्यावर हक्क सांगनार न्हाई. मी हे राजीखुशीनं..." तिचा आवाज बारीक झाला. तिनं हे अनिमेषच्या फ्लॅटवर दोनदा वाचलं हुतं. तवा ते असं ऐकू आलं न्हवतं.

गोजरबाई हसली. खरोखर हसली, दात दिसले. "आन तिसरा कुठाय?"

"कंचा तिसरा?"

"माझ्या सहीचा. चार वर्सांपूर्वीचा. त्यो कुनी वाचलाच न्हाई मला."

"आक्का, आज आण्णाचं वर्सं, आज तो विषय..." तात्या म्हनला.

"त्यो बी आज ऐकते. एकदाच सगळे."

तात्या हलला न्हाई. कागदांच्या ट्रंकेची किल्ली त्याच्या करगोट्याला असते, घरात सगळ्यांना ठाऊक. ज्ञानेश्वर पुढं आला आन त्यानं भावापुढं हात पसरला. नुसता हात. बोलला काय न्हाई. तात्या त्या हाताकडं बघत राहिला. पन्नास वर्सांत ज्ञानूनं त्याच्यापुढं असा हात धरला न्हवता.

किल्ली मिळाली. ट्रंक करकरली. ज्ञानेश्वर कागद घेऊन बहिनीशेजारी खाली बसला, खुर्चीवर न्हाई, आन बोट ठेवत वाचायला लागला. '...यापुढे सदर मिळकतीवर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही... सदरचा लेख मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...' तिथं त्याला पुढं जाता येईना. त्यानं नाक शर्टाच्या बाहीला पुसलं.

"तिन्ही एकच हायत की गं," गोजरबाई रेश्माला म्हनाली. जनू दोघी मिळून कुनाची तरी गंमत बघत हुत्या.

मोबाईल परत थरथरला. चार वाजून पस्तीस.

"लाव तुझं गानं," आत्या म्हनाली. "आख्खं. मी तुकडाच ऐकलाय."

रेश्मानं लावलं. आधी नुसता बेंजो, लांबनं. मंग तिचा आवाज, मंग खाली ढोल. लई चांगलं केल्तं ते, तिला ठाऊक हुतं. सहा महिने मरमर केली हुती त्याच्यावर. उंबऱ्यावर रतनबाईचं बोट नकळत ठेका धरायला लागलं. आन मंग ढोल थांबला आन आत्या आली. *बाकड्यावर बसून बघितलंस रं.* तात्यानं तोंड खिडकीकडं केलं. *चहा बी न्हाई पाजला रंऽ.* आन तिथं ढोल परत कोसळला, दुप्पट जोरात. अनिमेष म्हनायचा, इथं लोक वेडे होतील.

गानं संपलं.

"चांगलंय," आत्या म्हनाली. "लई चांगलंय गं. पन पुढचं कुठाय?"

"पुढचं?"

"मी तिथं थांबले न्हवते."

रेश्मानं मोबाईल पालथा ठेवला. "ते... मापात बसत न्हवतं आत्या. आठ मात्रा जास्ती व्हायच्या. ढोल तिथं यायला पायजे हुता."

"माझा बाप मापात बसंना तुझ्या?"

बाहेर मांडवाचे बांबू सोडत हुते त्याचा आवाज.

"हाय का ते? का पुसलंस?"

"हाय." रेश्मानं मोबाईलात वर्षभर खाली जाऊन ती फाईल काढली. नुसती कच्ची. कुत्रं भुंकतंय, कुनीतरी खोकतंय, चपलांचा आवाज. आन आत्या. सहीचं, चहाचं. आन त्याच दमात, ढोल न्हाई काय न्हाई,

*न्हाई पाजला तर न्हाई, बापा उठून बस रं,*
*म्याच करते चहा, तू नुसता फुंकर मार रंऽ*

तात्या उठला आन बाहेर गेला. जाताना दाराला खांदा लागला त्याचा.

रेश्माला आण्णा बशीत चहा ओतून फुंकायचे ते दिसलं. लांब फुंकर, मिशी हलायची. तिनं हे वर्षभरात शंभरदा ऐकलं हुतं, स्क्रीनवर आवाजाच्या लाटा बघत, कुठं कापायचं ते शोधत. ऐकलं एकदा बी न्हवतं.

"मी भांडत न्हवते त्याच्याशी," गोजरबाई म्हनाली. "मी त्याला उठवत हुते. तू निम्मंच घेतलंस, आन निम्म्याचं भांडान झालं. आता मला रडता येत न्हाई रेश्मे. आज फाटकात तोंड उघडलं आन पोरींच्या हातात मोबाईल दिसले. म्हनलं, हे बी कुनीतरी कापंल."

"मी पुढचं घालते," रेश्मा घाईनं म्हनाली. डोळे भरून आले हुते आन तिला त्याचाच राग येत हुता. "आत्ता लगेच जाते सावेडीला. आख्खं घालते. मंग करशील सही?"

"न्हाई."

"का?"

"ते मी बापासाठी केल्तं. बाजारासाठी न्हाई. माझं तेवढं काढ त्यातनं."

"ते काढलं तर त्या गान्यात काय राहत न्हाई!"

"मंग त्यात तुझं काय हुतं?"

ते लागलं. लई लागलं. रेश्मा ताडकन उठली, मागच्या दारानं बाहेर गेली, गोठ्याच्या भिंतीला जाऊन उभी राहिली आन भिंतीला एक लाथ घातली. गाय दचकली. मोबाईल वाजतच हुता. तिनं उचलला.

"अगं आहेस कुठे?" अनिमेष. "पावणेपाच झालेत! कंपनीच्या त्या बाई मुंबईहून मला सारख्या विचारतायत. झाली का सही?"

"ती न्हाई म्हनती."

"नाही म्हणजे? समजाव ना तिला. रेश्मा, हे बघ, चौथं गाणं नसेल तर ते आपलं प्रमोशन करणार नाहीत. तीन गाणी कोण ऐकणार? दोन वर्षं घालवलीत आपण."

"पुढचं कडवं घालायचं म्हनलं तर?"

"घालू ना, नंतर घालू. नवीन व्हर्जन काढू. तू आत्ता फक्त सही घे, मग बघू आपण सगळं निवांत."

आत्ता सही घे, मग बघू. तिला वाटलं, तात्या बी तवा असंच म्हनला असंल.

"हॅलो? रेश्मा?"

"तीनच सोड."

"काय?"

"तीनच. चौथं काढ. इन्स्टावरचं मी काढते, आत्ता."

"वेडी आहेस का? चार लाख..."

"अन्या, तीन म्हंजे तीन. न्हाई कुनी ऐकली तर न्हाई ऐकली. ती माझी तरी हायत."

तिनं फोन ठेवला. तिनं तो तुकडा काढला. एवढुसं बटन. 'खरंच काढायचं का?' मोबाईलानं विचारलं. तिनं हो दाबलं. दोन वर्सं गेली एका बोटानं, असं तिला वाटलं, आन तिथंच गोठ्यात ती दोन मिनटं खाली बसली, शेनात चप्पल गेली तरी.

आत आली तवा तात्या बी परत आला हुता. चूळ भरून आल्यासारखं तोंड वलं.

"काढलं," रेश्मा म्हनाली. "सगळीकडनं."

तात्यानं सुस्कारा सोडला. "चला. मिटलं मंग. आक्का, माझ्या बी कागदाची आता गरज न्हाई."

"मिटलं न्हाई," गोजरबाई म्हनाली. तिनं हक्कसोडाच्या कागदाची घडी केली, पहिल्या घडीवरच, आन आपल्या पिशवीत घातली.

"अगं ती मूळ प्रत हाय!"

"माझी सही हाय त्यात. मी नीट वाचते घरी, सावकाश. मंग सांगते मिटलं का न्हाई ते."

तात्यानं ज्ञानेश्वरकडं बघितलं. ज्ञानेश्वर बहिनीशेजारीच बसला हुता. उठला न्हाई. तात्यानं बायकोकडं बघितलं. रतनबाई छताकडं बघत हुती.

आन तवाच गोजरबाईची नजर फोटोवर गेली. हार सुकला हुता. तिनं एक हात जमिनीवर टेकला. खांदे हलले. आवाज आला तो आधी नुसता श्वासासारखा.

*अरं माज्या बापाऽऽ*

रेश्माचा हात खिशाकडं गेला. सवयीनं. तिनं मोबाईल काढला, कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याचं झाकन उघडलं, आत पिठात खुपसला आन झाकन लावलं. मंग ज्योती उठायच्या आत, रतनबाई उठायच्या आत, ती आत्याच्या गळ्यात पडली. हे कसं करतात ते तिला कुनी शिकवलं न्हवतं. शब्द येत न्हवते. आत्याच्या सुराला धरायला गेली आन आवाज फाटला, बेसूर झाला, मापाच्या बाहेर गेला. आत्यानं तिला घट्ट धरलं आन तसंच दोघींचं चालू राहिलं. काय म्हनाली आत्या त्या दिवशी, ते तिथं हुते त्यांनी ऐकलं. बास.

पाच वाजून गेले असतील. डब्यात पीठ मधनंमधनं घुरघुरत हुतं.

सैपाकघरात कायतरी पडल्याचा आवाज आला. ज्योती बघायला गेली तर तात्या गॅसपाशी उभा. पातेलं, दूध, बरनी उघडी, चहापत्ती वट्यावर सांडलेली. साठीला आला, पन चूल कधी पेटवली न्हवती त्यानं.

"साखर कुठं असती?" तो दबक्या आवाजात म्हनला, तिच्याकडं न बघता.

तिनं डबा पुढं सरकवला. मदत केली न्हाई.

तो कप घेऊन आतल्या खोलीत आला. बशी झाकलेली, त्यावर थोडा सांडलेला. गोजरबाई रडतच हुती. तिनं बघितलं त्याला. बघितलं आन परत फोटोकडं तोंड केलं. अजून लई बोलायचं राहिलं हुतं बापाशी.

तात्या दाराच्या चौकटीत उभा राहिला. बसावं का, कप ठेवावा का, त्याला कळंना. हात भाजत हुता तो भाजायचा थांबला. चहावर साय धरली. तो तसाच उभा.